टाका धरला पाहिजे आणि बोटही सरकलं पाहिजे

हाताचं ऑपरेशन झालेला पेशंट पहिल्यांदा माझ्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा तो हात छातीशी धरून, दुसऱ्या हाताने सांभाळत येतो, आणि मी हात स्थिर ठेवणाऱ्या स्प्लिंटच्या पट्ट्या सोडायला लागले की विचारतो, "मॅडम, इतक्या लवकर हलवायचं? टाके तुटले तर?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी हँड थेरपिस्ट, ऑपरेशन मी करत नाही, पण ऑपरेशननंतरचा हात माझ्या टेबलावर येतो, आणि इतकी वर्षं हे हात बघून माझं मत पक्कं झालंय की हात, मनगट आणि कोपर या तिन्ही ठिकाणी दुरुस्तीच्या पद्धती जशा बदलत गेल्या त्या मुख्यतः एकाच कारणासाठी, जोडलेली गोष्ट जोडलेली राहावी आणि तरीही हालचाल लवकर सुरू करता यावी. या दोन गोष्टींची कायम ओढाताण चालू असते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे बोट वाकवणारे टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्याच त्या, आणि त्यातही तळहाताच्या बोटांकडच्या आडव्या रेषेपासून मधल्या पेराच्या साधारण मध्यापर्यंतचा भाग, ज्याला झोन टू म्हणतात. इथं एकाच अरुंद आवरणात दोन टेंडन असतात, वरचा दुभंगतो आणि खालचा त्या फटीतून पुढे जाऊन शेवटच्या पेराला चिकटतो. नेफ्यातून नाडी सरकावी तसे हे सरकतात, आणि नाडीला गाठ पडली की ती जशी अडते तसाच शिवलेला टेंडन जाड झाला की अडतो. वरून या आवरणावर ठरावीक अंतराने पुली, म्हणजे आडवे पट्टे असतात, त्यातल्या पहिल्या पेरावरची एटू आणि मधल्या पेरावरची एफोर सगळ्यात महत्त्वाच्या, कारण त्या टेंडनला हाडाजवळ धरून ठेवतात, त्या गेल्या की बोट वाकवताना टेंडन हाडापासून सुटून कातडीखाली ताणला जातो आणि बोट पूर्ण मिटत नाही.

स्टर्लिंग बनेल या अमेरिकन सर्जनने या भागाला 'नो मॅन्स लँड' म्हटलं होतं. त्या काळी इथं टेंडन कापला गेला तर तो लगेच शिवायचा नाही, फक्त कातडी शिवून जखम भरू द्यायची आणि मग नंतर दुसरीकडून टेंडन आणून ग्राफ्ट घालायचा असा शिरस्ता होता, कारण शिवलेले टेंडन आजूबाजूला चिकटून बसायचे आणि बोट कडक व्हायचं. १९६७ मध्ये हॅरोल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भागात लगेच टेंडन शिवून चांगले रिझल्ट मिळतात हे मांडलं. टाका तर होताच, पण त्यासोबत त्यांनी बोटाला रबरबँड लावून पहिल्या दिवसांपासूनच हालचाल सुरू केली होती, आणि मला विचाराल तर खरी मेख तिथं होती. पुढे ड्युरान या सर्जनने दाखवलं की जोडलेली जागा ३ ते ५ मिलिमीटर जरी सरकत राहिली तरी ती घट्ट चिकटत नाही. फक्त ३ ते ५ मिलिमीटर! पेशंटला मी पट्टीवर तेवढं अंतर दाखवते, तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही की एवढ्याशा सरकण्यावर बोटाचं भवितव्य ठरतं.

आता टाक्याबद्दल. टेंडनच्या दोन्ही टोकांतून जो मुख्य धागा जातो त्याला कोअर सूचर म्हणतात, आणि कापलेली जागा ओलांडून जितके धागे जातात तितकी जोडणी मजबूत. जुन्या केसलर पद्धतीत दोन धागे ओलांडायचे, त्या जोडणीवर पेशंटने स्वतः जोर लावून बोट मिटणं धोक्याचं होतं, म्हणून दुसऱ्या हाताने बोट वाकवून द्यायचं असाच व्यायाम चालायचा. आता बरेच सर्जन चार किंवा सहा धागे घेतात, आणि वरून कडेने अगदी बारीक, ५-० किंवा ६-० धाग्याची शिवण फिरवतात, त्या शिवणीने जोड गुळगुळीत होतो आणि ताकदही वाढते. मग पेशंट स्वतःच्या स्नायूने हळूहळू अर्धी मूठ करू शकतो. पण धागे वाढवत गेलं की जोडणी जाड होते आणि पुलीखाली अडकते, म्हणजे परत तीच ओढाताण. यावर चीनमधले सर्जन जिन बो तांग यांनी गरज पडेल तिथं पुलीचा काही भाग मोकळा करायचा आग्रह धरला. पूर्वी पुलीला हात लावायचा नाही असं शिकवत, आता एटूचा थोडा भाग उघडला तरी चालतं, बाकीच्या पुली शाबूत असतील तर बोट छान चालतं, आणि माझ्याकडे अशी बोटं येतात ती खरंच मोकळी चालतात.

यातला मला सगळ्यात आवडलेला बदल म्हणजे पेशंटला जागं ठेवून ऑपरेशन करणं, ज्याला वॉलँट म्हणतात. लिग्नोकेन या जागा बधिर करणाऱ्या औषधात रक्तवाहिन्या आकसणारं अ‍ॅड्रेनलिन मिसळून हातात इंजेक्शन द्यायचं, साधारण अर्धा तास थांबायचं, रक्तस्राव इतका कमी होतो की दंडाला आवळणारी टुर्निकेट लावायची गरज राहत नाही. बोटात अ‍ॅड्रेनलिन कधीच द्यायचं नाही, बोट काळं पडतं, असं कित्येक पिढ्या डॉक्टरांना शिकवलं गेलं, पण तो दोष बहुधा जुन्या काळच्या प्रोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा होता, आणि कॅनडातल्या डोनाल्ड लालोंड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ३,११० पेशंटचा अभ्यास छापला त्यात एकाचंही बोट गेलं नाही. शिवाय त्या इंजेक्शनचा परिणाम उलटवणारा फेन्टोलमीन नावाचा उतारा आहेच.

पण वॉलँटची खरी कमाल रक्तात नाही, हालचालीत आहे. टेंडन शिवून झाला की कातडी बंद करायच्या आधी सर्जन पेशंटला सांगतात, बोट वाकव, सरळ कर. मी हे उभं राहून बघितलंय. उघड्या जखमेत पांढरा चकचकीत टेंडन पुलीकडे सरकतो, आणि टाके ढिले असतील तर जोडाच्या जागी बारीकशी फट पडलेली तिथल्या तिथे दिसते, जोड पुलीच्या कडेला अडत असेल तर तेही दिसतं, मग सर्जन टाका परत घट्ट करतात किंवा पुली थोडी उघडतात आणि परत सांगतात, आता वाकव. पूर्ण भूल दिलेल्या पेशंटमध्ये ही फट टाके घालताना कळत नाही, ती नंतर माझ्या टेबलावर कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. दुसरा फायदा असा की पेशंटने स्वतःचं बोट पूर्ण मिटताना बघितलेलं असतं, त्यामुळे सूज आणि दुखण्याच्या दिवसांतही त्याला माहीत असतं की आतलं काम नीट झालंय, व्यायामाला तो घाबरत नाही.

नंतरचं वेळापत्रक थोडक्यात सांगते. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हालचाल सुरू, त्याआधी नाही कारण सुजलेल्या बोटात टेंडनला जास्त घासावं लागतं. सुरुवातीचे काही आठवडे सगळ्यात नाजूक. साधारण सहा आठवडे स्प्लिंट, आणि वजन उचलणं, जोरात पकडणं तीन महिन्यांनंतर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखणं थांबतं आणि लोकांना वाटतं झालं बरं, स्प्लिंट काढून बादली उचलतात, आणि टेंडन तुटतो. कृपा करून हे करू नका. आणि बोटाला छोटासा काप बसला, कातडीची जखम अगदी फालतू दिसतेय पण बोटाचं टोक वाकत नाहीये, तर नुसती कातडी शिवून घरी जाऊ नका, काही दिवसांत हँड सर्जनला गाठा. आठवडे उलटले की स्नायू आखडतो, टेंडनचं टोक तळहातात मागे जातं, आवरण आत मिटून जातं, मग आधी सिलिकॉनची दांडी घालून काही महिने नवीन आवरण तयार होऊ द्यायचं आणि नंतर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये ग्राफ्ट घालायचा असा लांबचा रस्ता उरतो.

बोट सरळ करणाऱ्या टेंडनची गोष्ट वेगळी. मॅलेट फिंगर, म्हणजे बॉल लागून बोटाचं शेवटचं पेर खाली लटकणं, याला बहुतेक वेळा ऑपरेशनच लागत नाही, सहा ते आठ आठवडे दिवसरात्र सरळ स्प्लिंट, एकदाही वाकू द्यायचं नाही, बस.

मनगटात नियम उलटा वाटतो, मोडलेलं हाड आधी स्थिर ठेवायचं, पण हेतू तोच. स्कॅफॉइड नावाचं काजूच्या आकाराचं हाड अंगठ्याच्या मुळाशी असतं, हात टेकून पडलं की मोडतं, आणि गंमत नाही, खरंच काळजीची गोष्ट अशी की पहिल्या एक्स-रेत ते कित्येकदा दिसतच नाही. अंगठा ताणल्यावर मुळाशी जो खळगा पडतो तिथं दाबून दुखत असेल तर एक्स-रे नॉर्मल असला तरी फ्रॅक्चर समजूनच प्लास्टर घालतात आणि दोन आठवड्यांनी परत बघतात, किंवा सरळ एमआरआय करतात. या हाडाला मुख्य रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकातून होतो आणि उलटा मनगटाकडे येतो, म्हणून मधून मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहू शकतो, जुळत नाही किंवा मरतो. टिमोथी हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन सर्जनने यासाठी डोकं नसलेला स्क्रू काढला, त्याचा अभ्यास १९८४ मध्ये छापला. त्याच्या दोन टोकांचे आटे वेगळे असतात, पुढच्या टोकाचे आटे जास्त अंतरावर, त्यामुळे स्क्रू फिरवत गेलं की पुढचा भाग एका फेऱ्यात जास्त पुढे जातो आणि दोन्ही तुकडे आपोआप एकमेकांवर दाबले जातात, आणि डोकं नसल्याने तो पूर्ण हाडाच्या आत बुडतो, सांध्यात काही टोचत नाही. किती साधी आणि किती हुशार कल्पना! पण म्हणून प्रत्येक स्कॅफॉइडला स्क्रू हवाच असं नाही, २०२० मध्ये ब्रिटनमधला स्विफ्ट नावाचा अभ्यास आला त्यात तुकडे फार न सरकलेल्या मोठ्या माणसांमध्ये आधी प्लास्टर घालून, न जुळलेल्यांनाच लगेच ऑपरेशन केलं तरी वर्षाअखेर मनगटाच्या कामात फरक दिसला नाही. कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या मोठ्या हाडाचं, म्हणजे रेडियसचं, मनगटाजवळ फ्रॅक्चर झालं तर प्लेट की तारा यावर वाद आहेच, मला स्वतःला प्लेटवाले पेशंट आवडतात कारण मनगट लवकर हातात मिळतं, पण न उघडता बसवता येणाऱ्या फ्रॅक्चरमध्ये वर्षभरानंतर दोन्हीचे रिझल्ट सारखेच दिसलेत हे मान्य करायला हवं.

रेडियसच्या फ्रॅक्चरबाबत एक सांगायचंच आहे. हाड अजिबात न सरकलेलं साधं फ्रॅक्चर, फक्त प्लास्टर, आणि काही आठवड्यांनी अचानक अंगठा वर उचलता येत नाही असं होऊ शकतं, अंगठा उचलणारा टेंडन मनगटामागच्या हाडाच्या उंचवट्याजवळ झिजून तुटलेला असतो. तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा छताकडे उचलून बघा, नाही उचलला तर लगेच दाखवा. झिजलेली टोकं परत शिवून फायदा नसतो, म्हणून तर्जनीला सरळ करणारे दोन टेंडन असतात त्यातला एक उचलून अंगठ्याला जोडतात. पहिले दिवस पेशंटला मी सांगते, तर्जनी उचलायचा विचार कर, आणि अंगठा उचलला जातो. त्या क्षणी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

असंच उसनवारीचं प्रसिद्ध ऑपरेशन कोपराचं. १९७४ मध्ये फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या बेसबॉल पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूचं तुटलेलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, मनगटाजवळचा पाल्मारिस टेंडन काढून, हाडात भोकं पाडून त्यातून ओवून नव्याने बनवलं. १९७६ मध्ये तो परत मैदानात आला आणि १९८९ पर्यंत खेळला. हा पाल्मारिस काही लोकांना जन्मतःच नसतो आणि त्यांचं काही अडत नाही, म्हणूनच तो सर्जनचा लाडका. अंगठा आणि करंगळी टेकवून मनगट थोडं वाकवा, मधोमध दोरी उठली तर तुम्हाला आहे.

कोपराचा मोठा शत्रू मात्र कडकपणा. कोपर निखळणं आणि सोबत रेडियसचं कोपराकडचं डोकं आणि कोरोनॉइड, म्हणजे शेजारच्या हाडाचं पुढचं टोक, हे दोन्ही मोडणं याला सर्जन 'टेरिबल ट्रायड' म्हणतात, आणि त्यात कोरोनॉइड बसवणं, रेडियसचं डोकं जोडणं किंवा धातूचं घालणं, बाहेरचं लिगामेंट परत हाडाला शिवणं हे सगळं करतात ते कोपर लवकर वाकवता यावं म्हणून, महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला. रोजच्या बऱ्याचशा कामांना ३० ते १३० अंश हालचाल पुरते. पण कोपर दुसऱ्याने जोर लावून वाकवायचं नाही, तेल लावून जोरात चोळायचं नाही, त्याने सूज वाढते आणि कोपर उलट जास्त अडतं. पेशंटने स्वतः, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा.

शेवटी नर्व्हबद्दल, म्हणजे मज्जातंतूंबद्दल, कारण तिथं घाई करून चालत नाही. कापलेली नर्व्ह मायक्रोस्कोपखाली शिवतात, पण पुढचा भाग आतून मरतो आणि टाक्यापासून नवे तंतू साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढतात. बोटात कापली असेल तर काही महिन्यांत जाण येऊ लागते. कोपराजवळ अल्नर नर्व्ह, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी नर्व्ह, कापली तर मात्र तळहातातल्या छोट्या स्नायूंपर्यंत पोचायला वर्ष सहज जातं, आणि इतका वेळ नर्व्हशिवाय राहिलेला स्नायू मग पूर्ण जागा होत नाही. म्हणून आता काही सर्जन मनगटाच्या थोडं वर, तळहात पालथा करणाऱ्या एका छोट्या स्नायूकडे जाणारी फांदी घेऊन अल्नर नर्व्हच्या हालचालीच्या भागाला जोडतात, तिथून हातातले स्नायू जवळ असतात. नंतर माझं काम सुरू होतं. पेशंटला सांगायचं, तळहात पालथा करायचा जोर लाव आणि त्याच वेळी बोटं फाकव. सुरुवातीला दोन्ही एकदमच करावं लागतं, आरशासमोर, पुन्हा पुन्हा, आणि काही महिन्यांनी मेंदू नवी वाट शिकतो, मग हात न फिरवताही बोटं फाकतात.