दाढ काढली

"काका, ही दाढ आत्ताच काढूया. रेडिएशननंतर जबड्याचं हाड लवकर भरत नाही," टिळकवाडीतली दातांची डॉक्टर कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली.

घशाच्या कॅन्सरचा दाढेशी काय संबंध, मला कळेना. तिनं न कंटाळता समजावलं. लाळ कमी होते, दात किडतात, मग दात काढला की जखम चिघळते.

रिक्षात तोंडात कापूस धरून बसलो होतो. बायको म्हणाली, "चला, काहीतरी सुरू तरी झालं."

तेच डोक्यात राहिलंय. बायोप्सीचा रिपोर्ट आल्यापासून नुसतं थांबणं चाललंय. अजून रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून घालायच्या मास्कचं माप, प्लॅनिंग, मग तारीख. हे थांबणंच जास्त छळतं, खरंच. आज दाढ ठणकतेय आणि जरा बरं वाटतंय.

तुमच्यापैकी कुणी हे दिवस काढलेत? रात्री झोप लागायची का?