तुम्ही विचारलंत म्हणून: घरात कोणालाच नाही, मग तुम्हालाच कसा?

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार आहे, असे सांगताच हमखास प्रश्न येतो की घरात दुसऱ्या कोणालाच नसताना हा आजार आनुवंशिक कसा. विचारणारे नात्यातले असतील, तर आवाज खाली आणून पुढचेही विचारतात, "आईकडून आला की वडिलांकडून?"

दोघांकडून. बहुतेक जनुकांच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. माझ्या चौथ्या गुणसूत्रावरील पीडीई६बी या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष आहेत. या जनुकावरून तयार होणारे प्रथिन नसेल, तर अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडाकार पेशी प्रकाशाला नीट प्रतिसाद देऊ शकत नाहीत आणि हळूहळू मरतात. त्यामुळे आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग बाजूचे. (गाजरे खाण्याचा सल्ला 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने येणाऱ्या रातांधळेपणासाठी ठीक आहे; माझ्यासाठी तो निरुपयोगी आहे.)

एक प्रत चांगली असली तरी काम भागते, म्हणून वाहक असलेल्या माझ्या आईवडिलांची दृष्टी उत्तम राहिली. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते आणि आधीच्या अपत्याचे काय झाले यावर ती अवलंबून नसते. त्यामुळे लहान कुटुंबात एकालाच आजार होणे आणि मागच्या पिढ्यांत कोणालाही नसणे, हेच या प्रकारात नेहमीचे आहे.

आमच्याकडे आणखी एक कारण होते. वडिलांची आई आणि आईचे वडील ही सख्खी भावंडे. म्हणजे वडिलांनी मामाच्या मुलीशी लग्न केले, जे आमच्या भागात कोणालाही वावगे वाटले नाही. आते-मामे भावंडांची सुमारे एक अष्टमांश जनुके समान असतात, त्यामुळे पणजोबा किंवा पणजीकडची एकच सदोष प्रत दोन वाटांनी माझ्यापर्यंत पोहोचली असणार. तरीही दोष आईच्याच पदरी टाकला गेला, ही गोष्ट मला आजाराइतकीच खटकते. याच आजाराच्या दुसऱ्या एका प्रकारात आरपीजीआर जनुकाचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि तो मुलाला आईकडूनच येतो, हे खरे. पण तिथेही आईने काही निवडलेले नसते.

नेमके जनुक कोणते, हे रक्ततपासणीतून शोधणे मला महत्त्वाचे वाटते, कारण अमेरिकेत 2017 साली मान्यता मिळालेला लक्सटर्ना हा जनुकीय उपचार फक्त आरपीई६५ या जनुकाच्या दोषावर चालतो. माझ्यावर तो चालणार नाही, आणि दोन्ही डोळ्यांसाठी त्याची तिथली जाहीर किंमत साडेआठ लाख डॉलर होती.

माझी मुलगी वाहक आहे, यात शंका नाही. तिला स्पष्ट दिसते आणि दिसत राहील. माझ्या निरोगी भावाची वाहक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश आहे. म्हणून या दोन घरांत सोयरीक जुळवण्याचा विषय निघाला, की मी आधी तपासणीचा अहवाल मागतो.