प्रकाशसंवेदकाचा वेग आणि क्षेत्रफळ यांचे भांडण

हवेतून प्रकाशाने माहिती पाठवण्याची कल्पना जुनी आहे. 1880 साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि चार्ल्स समनर टेंटर यांनी वॉशिंग्टनमध्ये फोटोफोनद्वारे सूर्यप्रकाशाच्या झोतावरून 213 मीटर अंतरावर मानवी आवाज पोहोचवला, आणि ग्रहणाच्या टोकाला त्यांनी सेलेनियमचा घट वापरला होता. आज लेसर स्वस्त झाले आहेत आणि ते सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करू शकतात. तरीही इमारतींच्या छपरांवरून किंवा खोलीच्या छतावरून प्रकाशाने इंटरनेट पोहोचवणे अद्याप सर्वसाधारण झालेले नाही, आणि माझ्या मते त्याचे एक मोठे कारण पाठवणाऱ्या टोकाला नसून ग्रहण करणाऱ्या टोकाला आहे.

सेकंदाला 10 गिगाबिट वेगाने माहिती येत असेल, तर प्रत्येक बिटच्या वाट्याला 100 पिकोसेकंद येतात, आणि तेवढ्या वेळात प्रकाश हवेतून जेमतेम 3 सेंटिमीटर पुढे सरकतो. फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाशाचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या संवेदकावर, प्रकाश पडला की अर्धवाहकात इलेक्ट्रॉन आणि धनभाराच्या जोड्या निर्माण होतात आणि विद्युत्क्षेत्र त्यांना दोन बाजूंना ओढून नेते. सिलिकॉनमध्ये या भारांचा कमाल वेग सेकंदाला सुमारे एक लाख मीटर असल्यामुळे 10 मायक्रोमीटर जाडीचा थर ओलांडायलाच त्यांना 100 पिकोसेकंद लागतात. थर पातळ करावा, तर डायोडची विद्युत धारिता, म्हणजे भार साठवून ठेवण्याची क्षमता, वाढते आणि डायोड मंदावतो, कारण ही धारिता क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात आणि जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. एक चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाच्या आणि 10 मायक्रोमीटर जाडीच्या सिलिकॉन डायोडची धारिता साधारण 10 पिकोफॅरड होते, आणि नेहमीच्या 50 ओहमच्या रोधाला जोडल्यावर त्याची बँडविड्थ, म्हणजे तो किती जलद बदल टिपू शकतो याची मर्यादा, 300 मेगाहर्ट्झच्या आसपास अडकते. म्हणूनच खरोखर वेगवान डायोडचा व्यास काही दशक मायक्रोमीटर एवढाच ठेवावा लागतो. काचतंतूच्या (ऑप्टिकल फायबरच्या) टोकाला तो डायोड शोभतो, कारण तिथे प्रकाश आधीच त्याच्या मापात बांधलेला असतो. मोकळ्या हवेत मात्र एक मिलिरेडियनने पसरणारा किरण किलोमीटरभर अंतरावर मीटरभर रुंद झालेला असतो.

मग मोठे भिंग लावून प्रकाश त्या ठिपक्यावर का गोळा करू नये, हा प्रश्न साहजिक आहे. पावसात धरलेले नरसाळे तिरपे पडणारे थेंबही अरुंद नळीतून खाली पाठवते, पण प्रकाशाच्या बाबतीत निसर्ग तेवढी सवलत देत नाही. भिंगाने किंवा आरशाने गोळा करण्याचे क्षेत्रफळ वाढवले की स्वीकारता येणाऱ्या कोनाची मर्यादा त्याच हिशेबाने आवळते, आणि कोणतीही निव्वळ भौमितिक रचना या नियमातून सुटू शकत नाही. 10 सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगामागे एक मिलिमीटरचा संवेदक ठेवला तर त्याला आकाशाचा अर्ध्या अंशाहून किंचित मोठा, म्हणजे जवळपास पूर्णचंद्राएवढा, तुकडा दिसतो. तोच संवेदक 50 मायक्रोमीटरचा केला तर दृष्टिक्षेत्र एका अंशाच्या तीन शतांशांवर येते. वाऱ्याने खांब किंचित हलला तरी दुवा तुटू शकतो, आणि तो टिकवण्यासाठी हलते आरसे व सतत नेम धरणारी यंत्रणा लागते.

या कोंडीवर 2016 साली फेसबुकच्या कनेक्टिव्हिटी लॅबमधील टोबियस टीके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑप्टिका’ या नियतकालिकात मांडलेला उपाय मला आजही फार मोलाचा वाटतो. त्यांनी प्रतिदीप्त रंगद्रव्य मिसळलेले प्लास्टिकचे तंतू वापरले. हे तंतू कोणत्याही बाजूने आलेला निळा प्रकाश शोषतात आणि दोन नॅनोसेकंदांहून कमी वेळात हिरवा प्रकाश बाहेर टाकतात. त्यातला काही भाग पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे तंतूतच अडकून टोकाच्या लहान, वेगवान डायोडपर्यंत पोहोचतो. निळ्याचा हिरवा होताना प्रत्येक फोटॉन थोडी ऊर्जा गमावतो, उलट दिशेची क्रिया जवळजवळ होत नाही, आणि म्हणून भौमितिक नियमाची बंधने इथे लागू पडत नाहीत. अशा रचनेला 126 चौरस सेंटिमीटरचे ग्रहणक्षेत्र मिळाले आणि तिने सेकंदाला 2 गिगाबिटहून अधिक माहिती ग्रहण केली. रंगद्रव्याच्या आयुष्यामुळे, म्हणजे प्रकाश शोषल्यापासून तो बाहेर टाकेपर्यंत लागणाऱ्या काळामुळे, बँडविड्थ शंभर मेगाहर्ट्झच्या आसपासच राहते. एवढ्या बँडविड्थमधून तो वेग काढता आला तो वायफायमध्ये रुळलेल्या, अनेक उपवाहक लहरींवर माहिती वाटून पाठवण्याच्या पद्धतीमुळे. कणभौतिकीच्या प्रयोगांत असे रंग बदलणारे तंतू आधीपासून वापरात होते, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

निव्वळ वेगाचे विक्रम वेगळ्याच दिशेने होत आहेत. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी 2023 साली 500 गिगाहर्ट्झहून अधिक बँडविड्थ असलेला ग्राफीनचा, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या थराचा, संवेदक दाखवला. ते काम थोर आहे, परंतु काचतंतूच्या दुनियेत त्याचे मोल मोकळ्या हवेपेक्षा अधिक आहे, कारण वर सांगितलेली कोनाची अडचण त्याने सुटत नाही.

तंतूंच्या मार्गात जी कामे उरली आहेत ती रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आहेत. रंगद्रव्याचे आयुष्य कमी करायचे, पण त्याची कार्यक्षमता घटू द्यायची नाही. या दिशेने अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात चांदीचे सूक्ष्म घन आणि सोन्याचा पातळ पत्रा यांच्यामध्ये क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण, ठेवून प्रकाश बाहेर पडण्याचा काळ 11 पिकोसेकंदांपर्यंत आणला गेला आहे. मात्र तशी रचना मोठ्या क्षेत्रफळावर, प्लास्टिकच्या तंतूइतकी स्वस्तात उभी करणे हा निराळाच प्रश्न आहे. डोळ्यांना कमी घातक असलेल्या, दीड मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशासाठी चांगले रंगद्रव्य शोधणे त्याहून कठीण आहे, कारण उत्सर्जनाची ऊर्जा जसजशी कमी होते तसतसे रेणू ती उष्णतेच्या रूपात गमावू लागतात. शिवाय सर्व दिशांनी पाहणारा संवेदक सूर्यप्रकाशही सर्व दिशांनी गोळा करतो, आणि त्याच्यापुढे लावायचा पातळ थरांचा गाळणारा पडदा किरण तिरपा आला की आपला रंग सरकवतो. त्यामुळे उघड्या छपरावर दिवसा चालणारा रुंद नजरेचा संवेदक बनवण्यापेक्षा खोलीच्या छताखाली चालणारा बनवणे आजच्या घडीला कितीतरी सोपे आहे.