बर्फ घालण्याआधी

थंड पेयाची सगळी महत्त्वाची कामे ते गरम असतानाच उरकावी लागतात, ही साधी गोष्ट कळायला मला बरीच वर्षे लागली. त्याआधीची माझी लिंबू सरबताची रीत सरळ होती. गार पाण्यात लिंबू पिळायचे, वर साखर ओतायची आणि चमचा काचेवर आपटत हात दुखेपर्यंत ढवळत राहायचे. हात दुखला म्हणजे साखर विरघळली, असे मी गृहीत धरत असे. साखरेला हे मान्य नसे. त्यामुळे जगमधला पहिला पेला ज्याच्या वाट्याला येई तो डोळे मिचकावत आंबट घोट गिळत असे, आणि शेवटचा पेला घेणाऱ्याला तळाशी बसलेली साखर चमच्याने खावी लागत असे. दोघेही सभ्यपणे ‘छान झाले आहे’ असे म्हणत आणि त्या सभ्यतेमुळे माझी सुधारणा लांबणीवर पडत गेली.

गार पाण्यात साखर मावत नाही असे मुळीच नाही. २० अंश सेल्सिअसच्या १०० मिलिलिटर पाण्यात जवळजवळ २०० ग्रॅम साखर विरघळू शकते, म्हणजे माझ्या जगमध्ये जागेची टंचाई कधीच नव्हती. अडचण वेगाची होती. पाणी जितके गार तितकी साखर विरघळण्याची चाल मंद, आणि उन्हातून आलेल्या माणसाची घाई मात्र मोठी. त्यात आपल्या जिभेचीही एक खोड आहे. गार पदार्थाची गोडी तिला कमी जाणवते. जे सरबत कोमट असताना नेमके गोड लागते, ते बर्फ पडल्यावर अळणी वाटू लागते, मग आपण आणखी साखर घालतो, ती पुन्हा तळाशी जाऊन बसते आणि ढवळण्याचा सोहळा नव्याने सुरू होतो. म्हणून आता मी आधी पाक करते. पाक हा शब्द उगाच मोठा आहे. येथे एकतारी-दोनतारीची परीक्षा नसते. साखर आणि पाणी समान वजनाने घ्यावे, साखर दिसेनाशी होईपर्यंत गरम करावे आणि गॅस बंद करावा, एवढेच. चव घेताना मात्र लक्षात ठेवावे की कोमट सरबत किंचित जास्त गोड आणि किंचित जास्त आंबट लागले, तरच ते बर्फानंतर नीट लागणार आहे. थंड पेय करणाऱ्याला आत्ताच्या चवीवर विसंबता येत नाही, थोडी पुढची चव घ्यावी लागते.

प्रमाणाबद्दल प्रत्येक घराचे स्वतःचे मत असते आणि ते बदलण्याच्या फंदात पडू नये. माझे प्रमाण २०० मिलिलिटर रस, दीडशे ते १६० ग्रॅम साखर आणि पाकातले धरून सुमारे एक लिटर पाणी असे आहे. लिंबांची संख्या मी सांगत नाही, कारण लिंबू हे अत्यंत बेभरवशाचे फळ आहे. मोठे, तुकतुकीत दिसणारे लिंबू कापल्यावर जाड सालीचे आणि कोरडे निघते आणि पातळ सालीचे, जरा मऊ पडलेले लिंबू तळहात भिजवून टाकते. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागेल ते घ्यावे. फ्रीजमधून काढलेले लिंबू थोडा वेळ बाहेर ठेवून, ओट्यावर तळहाताने दाबून फिरवले की आतल्या रसाच्या पिशव्या सैल होतात आणि पिळताना मनगटाला त्रास होत नाही.

परंतु रस हा लिंबाचा निम्माच भाग आहे, हे मला त्याहून उशिरा समजले. रसात प्रामुख्याने आंबटपणा असतो. आपण ज्याला लिंबाचा वास म्हणतो तो बहुतांशी सालीत असतो. सालीच्या अगदी वरच्या, रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल दिव्याच्या ज्योतीजवळ धरून मुडपली तर उडणारा फवारा चरचर पेटतो, तो याच तेलामुळे. त्या तेलात लिमोनीन सर्वांत जास्त असते, पण ज्या वासाने आपण डोळे मिटूनही लिंबू ओळखतो, तो मुख्यतः सिट्रल नावाच्या घटकाचा असतो. हे तेल पाण्यात सहजी मिसळत नाही, म्हणून साली नुसत्या पाण्यात टाकून फारसे काही हाती लागत नाही. त्या साखरेत टाकाव्यात. धारदार सोलणीने रंगीत थर तेवढा पातळ सोलून घ्यावा, मोजून ठेवलेल्या साखरेत घालावा, बोटांनी दोन-चार वेळा चुरावा आणि भांड्यावर झाकण ठेवून तासभर दुसऱ्या कामाला लागावे. परत येऊन पाहावे तर कोरडी साखर ओलसर झालेली असते, साली मलूल होऊन आखडलेल्या असतात आणि झाकण उचलताच सगळे स्वयंपाकघर लिंबाचे होते. साखरेने सालीतले पाणी आणि तेल दोन्ही ओढून घेतलेले असते. या साखरेवर गरम पाणी ओतून पाक करावा, गाळावा, पूर्ण निवू द्यावा आणि मगच त्यात रस घालावा. रस गरम पाकात घातला की त्याचा ताजेपणा वाफेबरोबर निघून जातो आणि उरते ती शिजलेल्या लिंबाची उदास चव. या सगळ्या खटाटोपातली एकच पायरी ठेवायची सवलत मला कोणी दिली, तर मी ही साखरेत साली मुरवण्याचीच ठेवीन.

सालीच्या खालचा पांढरा थर मात्र वेगळ्या स्वभावाचा आहे. एकदा पाहुणे येणार म्हणून मी आदल्या रात्रीच सरबत करून ठेवले आणि ते दिसायला सुंदर असावे म्हणून त्यात लिंबाच्या जाड चकत्या सोडल्या, सालीसकट, पांढऱ्या थरासकट, एक-दोन बियांसकट. रात्री चव घेतली तेव्हा ते उत्तम होते. सकाळी ते काढ्यासारखे कडू झाले होते. मला वाटले, जग नीट धुतला गेला नसावा. जगची काही चूक नव्हती. लिंबूवर्गीय फळांच्या पांढऱ्या थरात, पडद्यांत आणि बियांत एक असा घटक असतो की जो मुळात कडू नसतो, पण आंबट रसाशी संबंध आल्यावर काही तासांत त्याचे रूपांतर लिमोनिन या कडू पदार्थात होते. (लिमोनीन सुगंधी आणि लिमोनिन कडू. एका वेलांटीने एवढा फरक पडतो.) तेव्हापासून चकत्या मी वाढतानाच घालते आणि लिंबू पिळताना शेवटच्या थेंबासाठी त्याचा जीव घेत नाही. त्या शेवटच्या थेंबात रसापेक्षा सालीचा रागच जास्त असतो.

ताज्या लिंबासाठी एवढा आग्रह का, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर आंबटपणात नाही. आंबटपणा केव्हाच लिंबापासून वेगळा झालेला आहे. कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे स्फटिक वेगळे काढले. पुढे १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवून दिले की ‘अ‍ॅस्परजिलस नायजर’ ही काळी बुरशी साखरेपासून हेच आम्ल भरपूर प्रमाणात तयार करू शकते. आज बाटल्यांतून आणि पुड्यांतून मिळणारा लिंबाचा आंबटपणा बहुतांशी या बुरशीची कमाई असते. त्यात निषिद्ध असे काही नाही, रेणू तोच आहे. पण वास मात्र कोणाला टिकवता आलेला नाही. सिट्रल आम्लाच्या सहवासात हळूहळू मोडत जाते, म्हणजे लिंबाचा सुगंध लिंबाच्याच आंबटपणाने मरतो. झाडावर आणि फळात या दोघांची खोली वेगळी असते, एक सालीत आणि दुसरा गरात. आपण त्यांना जगमध्ये एकत्र आणतो तेव्हापासून घड्याळ सुरू होते. ताजे म्हणजे काय, तर हे घड्याळ नुकतेच सुरू झालेले असणे.

आइस्ड टीकडे मी याच वाटेने आले, आणि तेथे बर्फाने मला लिंबापेक्षाही जास्त धडे दिले. या पेयाच्या जन्माची एक कथा नेहमी सांगितली जाते. १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेकिंडेन गरम चहाचा प्रचार करत होते, उकाड्यामुळे कोणी पेल्याला हात लावेना, म्हणून त्यांनी चहात बर्फ घातला आणि एकदम गर्दी उसळली. कथा छान आहे, पण अमेरिकेतील एका पाककृतींच्या पुस्तकात १८७९ मध्येच बर्फ घातलेल्या चहाची कृती छापलेली होती. ब्लेकिंडेन यांनी फार तर त्याला प्रसिद्धी मिळवून दिली असेल. उन्हाळा, चहा आणि बर्फ एका घरात असताना कोणी हा शोध लावण्यासाठी प्रदर्शनापर्यंत थांबले असेल, हे मला तरी पटत नाही.

पहिल्यांदा मी नेहमीसारखा कोरा चहा करून तो बर्फावर ओतला, तेव्हा पेल्यात चहाच्या रंगाचे पाणी तयार झाले. यात एक बिनचूक हिशेब आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. अर्धा लिटर चहा ८० अंशांवरून शून्यावर आणायचा तर ४०,००० कॅलरी काढून घ्याव्या लागतात, म्हणजे बरोबर ५०० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. अर्धा लिटर चहाचा एक लिटर होतो. तेव्हा गरम चहा थेट बर्फावर ओतायचा असेल तर तो दुप्पट कडक हवा, म्हणजे अर्ध्या लिटर पाण्याला १० ते १२ ग्रॅम पत्ती. तोच चहा आधी ३० अंशांपर्यंत निवू दिला तर १९० ग्रॅम बर्फातही काम भागते. कडक चहा म्हणजे जास्त वेळ उकळलेला चहा नव्हे, हे येथे बजावले पाहिजे. पत्ती वाढवावी, वेळ वाढवू नये. काळ्या चहाला तीन ते पाच मिनिटे पुरतात. त्यापुढे पत्ती जिभेला कोरड पाडणारा तुरटपणा सोडू लागते आणि गाळणीत ती चमच्याने दाबली तर आणखीच सोडते. गरम चहात हा तुरटपणा चालून जातो, थंडीत तो उघडा पडतो. साखरही या गरम चहातच विरघळवून टाकावी, हे आता वेगळे सांगायला नको.

चांगला कडक चहा करून मी तो घाईने फ्रीजमध्ये ठेवला आणि तासाभराने पाहते तो लालसर, पारदर्शक चहाचे गढूळ पाणी झालेले. मी दोष पाण्याला दिला, मग पत्तीला दिला. खरे कारण असे की चहातील कॅफिन आणि पॉलिफेनॉल (म्हणजे तुरटपणा देणारे घटक) गरम पाण्यात सुखाने वेगवेगळे राहतात, पण गार होताना एकमेकांना धरून बसतात आणि ती जोडी गार पाण्यात विरघळलेली राहू शकत नाही. जेवढा चहा कडक तेवढी ही गर्दी जास्त. चहा आधी ओट्यावर सावकाश निवू दिला तर गढूळपणा कमी येतो आणि आलाच तर थोडे उकळते पाणी घातल्यावर बराचसा निवळतो. चवीला त्याने फारसे बिघडत नाही, पण काचेच्या पेल्यात द्यायच्या वस्तूने आरपार दिसावे, अशी माझी एक हौस आहे.

ज्यांना हा सगळा व्यापच नको, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. एक लिटर गार पाण्यात १० ग्रॅम पत्ती टाकून भांडे झाकून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि आठ-दहा तासांनी गाळायचे. गार पाणी पत्तीतून कॅफिन आणि तुरटपणा कमी ओढते, म्हणून हा चहा मऊ आणि नितळ राहतो. मी सुरुवातीलाच केलेल्या विधानाला हा अपवाद झाला हे खरे, पण उष्णतेऐवजी येथे रात्र खर्च होते, आणि साखरेसाठी पाक तर येथेही लागतोच. हेच भांडे उन्हात ठेवून चहा करण्याची पद्धतही पुष्कळांना माहीत असते. ती मी कधीच करत नाही. उन्हाने पाणी जेमतेम गरम होते, आणि ५ ते ६० अंशांच्या दरम्यान तासन्‌तास ठेवलेले पाणी चहापेक्षा जिवाणूंना जास्त मानवते.

गाळलेल्या चहात लिंबाचा रस घालण्याचा क्षण मी घरातल्या कोणालाही देत नाही, तो माझा आहे. चहाला काळसर लाल रंग देणारी द्रव्ये आम्लात फिकी होतात, त्यामुळे रसाची धार पडते तेथून गडद चहा उजळत जातो आणि दोन-तीन सेकंदांत सगळा पेला मधाच्या रंगाचा होतो. मधाचे नाव निघाले म्हणून सांगते, मध घालायचा असेल तर तोही चहा कोमट असतानाच घालावा, गार चहात तो गोळा होऊन तळाशी जातो. पुदिन्याची पाने तळहातांत एक टाळी वाजवून टाकावीत, खलबत्त्यात कुटू नयेत. टाळीने वास सुटतो, कुटल्याने गवताची चव सुटते. आणि कितीही काळजी घेऊन थोडा कडवटपणा उतरलाच तर चिमटीतली अर्धी चिमूट मीठ घालावे. खारटपणा जाणवण्याच्या कितीतरी आधी ते कडवटपणा झाकून टाकते.

राहता राहिला बर्फ. एवढे सगळे निगुतीने करून मी एकदा त्यात फ्रीजरमध्ये महिनाभर उघडा पडलेला बर्फ घातला, आणि प्रत्येक पेल्याला शेजारच्या कप्प्यातल्या कापलेल्या कांद्याचा पुसटसा वास आला. तेव्हापासून सरबताच्या आदल्या दिवशी बर्फाचा ट्रे धुऊन, ताजे पाणी भरून, झाकून ठेवण्याचे काम यादीत सगळ्यात वर असते. जगच्या तळाशी उरलेले थोडे सरबतही मी ट्रेच्या दोन खणांत ओतून गोठवते. दुसऱ्या दिवशी कोऱ्या गार चहात ते दोन पिवळसर खडे सोडले की पहिला घोट नुसत्या चहाचा असतो आणि पेला संपत येईपर्यंत त्यात लिंबू उतरलेले असते.