अकरावी सायन्सची इंग्रजी: माझा अनुभव

दहावीपर्यंत माझं सगळं शिक्षण मराठीत झालं. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं, शाळा गावातच. २०२२ मध्ये तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला नाव घातलं. आपल्या बोर्डाचं अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीतच असतं, हे माहीत होतं. तरी वर्गात बसल्यावर त्याचा खरा अंदाज आला. विषय सगळे ओळखीचे होते, पण सर काय बोलताहेत त्यातलं अर्धंच हाती लागत होतं. गावाकडून आलेली कितीतरी हुशार मुलं याच टप्प्यावर सायन्स सोडतात. विज्ञान जमत नाही म्हणून नाही, भाषा आडवी येते म्हणून. याचं मला फार वाईट वाटतं. मला कृषीला जायचं होतं आणि आज मी बी.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मधल्या काळात काय उपयोगी पडलं ते सांगते.

सगळ्यात आधी मी अकरावीचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि दहावीचं विज्ञानाचं पुस्तक पुन्हा काढलं. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्यातून दहावीचंच इंग्रजी माध्यमाचं पुस्तक मोबाइलवर उतरवून घेतलं. धडे तेच, क्रम तोच, आकृत्याही त्याच. एक परिच्छेद मराठीत वाचायचा आणि लगेच तोच इंग्रजीत. मुक्तिवेग म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे समोर एस्केप व्हेलॉसिटी आलं की डिक्शनरी उघडावी लागत नव्हती. अप्रकट उष्मा आणि लेटंट हीट, विशिष्ट उष्माधारकता आणि स्पेसिफिक हीट कपॅसिटी, असे शब्द जोडीजोडीने मराठी पुस्तकाच्या समासात पेन्सिलने लिहीत गेले. दिवाळीपर्यंत विज्ञानाच्या पुस्तकाचे दोन्ही भाग झाले. वेळ वाया जातोय असं घरी वाटत होतं, पण पुढच्या दोन वर्षांचा पाया याच कामाने घातला.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगत नाही. मोठमोठ्या पारिभाषिक शब्दांनी मला फारसा त्रास दिला नाही. मायटोकॉन्ड्रिया, इलेक्ट्रोलिसिस हे शब्द दिसायला अवघड असले तरी त्यांचा अर्थ एकच असतो. एकदा कळला की कायमचा कळला. अडवतात ते साधे दिसणारे शब्द. ओहमचा नियम मला मराठीत तोंडपाठ होता: वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना, वगैरे. इंग्रजीत त्याच नियमाच्या शेवटी 'प्रोव्हायडेड' येतं. डिक्शनरीत पाहिलं तर 'पुरवलेला'. काय पुरवलं, कुणी पुरवलं? तिथे त्याचा अर्थ 'या अटीवर' असा आहे, आणि ती अट काढली तर नियमच उरत नाही. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे, हे कळेपर्यंत दोन वस्तूंच्या वस्तुमानांची गणितं माझ्यासाठी कोडीच होती. 'नेग्लिजिबल' म्हणजे नगण्य. हवेचा विरोध नेग्लिजिबल आहे असं प्रश्नात लिहिलं असेल, तर ते गणित सोपं करायला दिलेलं असतं. प्रश्नांच्या सुरुवातीचे स्टेट, डिराइव्ह, डिस्टिंग्विश, जस्टिफाय हे शब्दसुद्धा तसेच. काय विचारलंय हेच कळलं नाही, तर येत असलेलं उत्तर लिहिणार कसं? मी अशा शब्दांसाठी वेगळी वही केली, आणि ती पारिभाषिक शब्दांच्या वहीपेक्षा जास्त वापरली गेली.

रोजच्या इंग्रजीत एक अर्थ आणि विज्ञानात दुसरा, असेही बरेच शब्द आहेत. 'नॉर्मल' म्हणजे प्रकाशाच्या धड्यात लंब. 'मोमेंट' म्हणजे क्षण नव्हे, आघूर्ण. 'सोल्यूशन' गणितात उकल आणि रसायनशास्त्रात द्रावण. साधी डिक्शनरी इथे दगा देते. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश विषयवार आहेत आणि इंटरनेटवर बघता येतात. मला त्यांचा फार आधार झाला. संकल्पनाच पुसट असेल तर मराठी विश्वकोशातली नोंद वाचायची. तोही फुकट आहे.

पण माझी सगळ्यात चांगली शिकवणी झाली ती आमच्या कोठ्यातल्या फळीवरच्या फवारणीच्या औषधांच्या डब्यांवर. आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर. फवारणीच्या दिवसांत बाबा डबा हातात देऊन म्हणायचे, "वाचून पाह्य बरं, याच्यावर काय लिवलं हाय." मी वाचायला लागले. नावापुढे टक्के आणि त्यापुढे दोन अक्षरं असतात: ईसी, एसएल, डब्ल्यूपी. ईसी म्हणजे इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट. ते बादलीत ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. एसएल म्हणजे सोल्युबल लिक्विड. ते पाण्यात पूर्ण विरघळतं. डब्ल्यूपी म्हणजे वेटेबल पावडर. तिच्याबद्दल मी वाचून दाखवत होते, तर बाबाच म्हणाले, "ते तं खाली बसते वं, सारखं काडीनं हालवा लागते." अकरावीच्या रसायनशास्त्रात कोलॉइडचा धडा आहे. इमल्शन, सोल्यूशन आणि सस्पेन्शन यांतला फरक मला त्या धड्याआधी बादलीत दिसला होता आणि बाबांना तो कित्येक वर्षांपासून माहीत होता. नावं तेवढी नव्हती.

या वाचनाचं महत्त्व आमच्या जिल्ह्यात वेगळं सांगावं लागत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. तेव्हा मी सहावीत होते. डब्यावर चौकोन टोकावर उभा केल्यासारखं एक चिन्ह असतं आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात कमी विषारी तो हिरवा. सोबतच्या घडीपत्रिकेत 'अँटिडोट' या शब्दापुढे उतारा दिलेला असतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या औषधांसाठी तिथे ॲट्रोपिनचं नाव असतं. दवाखान्यात जाताना डबा किंवा पत्रिका सोबत न्यायची असते ती याचसाठी. अक्षर फार बारीक असतं, पण घरात एकाला तरी ते वाचता आलंच पाहिजे.

त्या पत्रिकांनीच शब्द फोडायची सवय लावली. इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड या सगळ्यांच्या शेवटी 'साइड', म्हणजे मारणारं. ऑर्गनोफॉस्फेट शरीरातल्या कोलिनएस्टरेज या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवतात. शेवटी 'एज' आलं की ते विकर: अमायलेज, लायपेज, प्रोटिएज. 'ओज' आलं की बहुतेक शर्करा: ग्लुकोज, सुक्रोज. 'लिसिस' म्हणजे तुटणं: हायड्रोलिसिस, ग्लायकोलिसिस, फोटोलिसिस. अशा दहा-बारा तुकड्यांवर जीवशास्त्राची निम्मी पानं उलगडतात. उच्चारांचंही तसंच. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत सीएच असेल तर तो सहसा 'क': क्रोमोसोम, क्लोरोफिल, ट्रॅकिया. तोंडी परीक्षेसाठी मी रोज एक पान मोठ्याने वाचायची. डोळ्यांनी ओळखलेला शब्द आयत्या वेळी जिभेवर येत नाही.

मराठी शब्द टाकून द्या म्हणजे इंग्रजी लवकर येईल, असा सल्ला मला अनेकांनी दिला. मी तो मानला नाही आणि कुणी मानू नये असंच मला वाटतं. मायटोकॉन्ड्रिया हा शब्द ग्रीकमधल्या धागा आणि कण या दोन शब्दांपासून बनलाय. आपली तंतुकणिका नेमकं तेच सांगते. ज्याला तंतुकणिका माहीत आहे त्याला मायटोकॉन्ड्रियाचा अर्थ पाठ करावा लागत नाही. नीटची प्रश्नपत्रिकाही मराठीत घेता येते, सोबत इंग्रजी मजकूर असतो. दोन्ही येणाऱ्याला तिथे दोन्हीकडून प्रश्न तपासता येतो.

चौथ्या वर्षाला आम्हाला रावे, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, असतं. तेव्हा गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करायचं आहे. तिथे पुस्तकातली मराठीही पुरणार नाही, म्हणून वहीत आतापासूनच तिसरा रकाना आखलाय. सिस्टेमिक, आंतरप्रवाही, अंगात भिनणारं. इंटरकल्चर, आंतरमशागत, डवरणी. तिसरा रकाना बहुतेक बाबाच भरून देतात.