जुन्या जिनिंगच्या हॉलमधे घर केलं, त्याचा माझा अनुभव

आमच्या गावात (आर्वी तालुका, वर्धा जिल्हा) मला आता सगळे "जीनमधे राहते ते मॅडम" म्हणूनच ओळखतात. कापसाच्या जुन्या जिनिंग फॅक्टरीचा (जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात) मधला हॉल आम्ही ४ वर्षांपूर्वी विकत घेतला आणि दीड वर्षापासून त्यात राहतोय. लोक बघायला येतात, फोटो काढतात, खर्च विचारतात, आर्वी-हिंगणघाटकडचे दोन जण तर असाच हॉल घ्यायचा विचार करताहेत, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू.

बाबा याच जीनमधे २६ वर्षं फिटर होते. मी शाळेतून आली की त्यांचा डबा घेऊन जायची, हवेत रुई इतकी उडत असायची की बाबांच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. नंतर जीन बंद पडली, मशिनी भंगारात गेल्या, आणि मालकांच्या वारसांनी प्लॉट पाडून जागा विकायचं ठरवलं. म्हणजे हॉल पाडणार. नागपूरला १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल होती, तिच्या जागेवर आता मॉल आहे, तिथे गेली की मला नेहमी वाईट वाटतं की इतक्या लोकांनी जिथे जन्म घातला तिथे दाखवायला काही उरलं नाही. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि मग आपल्याकडे गावोगावी या जीन झाल्या, आमच्या इथल्या गठाणी बैलगाडीने स्टेशनवर आणि तिथून पुलगावच्या छोट्या रेल्वेगाडीने जायच्या असं बाबा सांगतात. तेवढ्यासाठी तरी हा एक हॉल राहावा असं मला मनापासून वाटत होतं.

लॉफ्ट म्हटलं की आपल्याकडे किचनच्या वरचा डबे ठेवायचा कप्पा. पण न्यूयॉर्कच्या सोहो भागात रिकाम्या पडलेल्या कारखान्यांत चित्रकार लोक राहायला लागले, आधी चोरूनच, आणि १९७१ मधे तिथल्या शहराने त्यांना राहायची परवानगी दिली, तिथून ती लॉफ्टची पद्धत सुरू झाली. आता तेच सगळ्यात महाग घर समजतात. उंच छत, उघडी वीट, मोठ्या खिडक्या आणि अर्ध्या उंचीवर एक माळा. आमच्या हॉलमधे माळा सोडून बाकी सगळं होतं. ४० बाय ९० फूट, मधे उंची २४ फूट, १८ इंची भिंती, छत पेलणाऱ्या सागवानी कैच्या, वर टिन.

कागदांचं आधी सांगते कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. जागा एनए (बिगरशेती) होती पण औद्योगिक, ती निवासी करून घ्यावी लागली, त्यासाठी तहसील, मोजणी, ग्रामपंचायतीचा ठराव, मग ग्रामपंचायतीच्या नोंदीत, नमुना ८ ला, "कारखाना" लिहिलेलं होतं ते बदलून "घर", आणि मीटर घरगुती. ११ महिने लागले. एका बँकेने होम लोन द्यायला सरळ नाही म्हटलं, कारण त्यांच्या माणसाच्या हिशोबाने ते घरच नव्हतं, दुसऱ्या बँकेने स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट घेऊन दिलं पण कमी दिलं. माझं म्हणणं, वापर बदलून होईपर्यंत पूर्ण पैसे देऊच नका, इसार करा आणि थांबा. आम्ही थांबलो नाही, त्यामुळे वर्षभर व्याजही भरलं आणि भाड्याच्या खोलीचं भाडंही.

आता काम. पहिल्यांदा एका ओळखीच्या कंत्राटदाराला दाखवलं, तो म्हणाला आत भिंती घालून ६ खोल्या पाडू, वर फॉल्स सीलिंग मारू, छान फ्लॅटसारखं होईल. मी रात्रभर झोपली नाही. ती उंचीच तर आम्ही विकत घेतली होती, तीच झाकायची? त्याला नको म्हटलं आणि ९० पैकी ४५ फूटच घर करायचं, मागचा अर्धा तसाच ठेवायचा असं ठरवलं.

माळा कशावर उभा करायचा हा मोठा प्रश्न होता. हॉलमधे बीडाचे (ओतीव लोखंडाचे) जुने खांब आहेत, वेल्डर म्हणे यालाच अँगल वेल्ड करून गर्डर टाकू, दोन दिवसांचं काम. तेव्हा आमच्या मिस्त्रीकाकांनी त्याला थांबवलं, "ताई, बीडाच्या खांबाले वेल्डिंग मारलं का तो तडकते जी, आज नाई तर उद्या." इंजिनिअरनेही तेच सांगितलं, बीड साध्या लोखंडासारखं नसतं, एकाच जागी तापलं की चीर जाते. मग माळ्यासाठी वेगळे ६ खांब घेतले, स्वतःच्या पायावर उभे, जुन्या खांबाला आणि भिंतीला कुठेच न टेकणारे. आणि तो पाया मुरूम लागेपर्यंत खोदला, ७ फूट. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर वरच्यावर पाया घेतला असता तर दोन पावसाळ्यात माळा वाकडा झाला असता. या ७ फुटांचे पैसे वाचवायचा सल्ला मला निदान पाच जणांनी दिला.

भिंतींचं असं की खालच्या ३ फुटांना मधे कोणीतरी सिमेंट प्लास्टर मारलं होतं आणि बरोबर त्याच्या वर लोणा (ओलाव्यासोबत फुटणारा खार) लागून विटा झडत होत्या. जुनी भिंत चुन्यातली, तिचा ओलावा बाहेर निघायला पाहिजे, सिमेंटने तो कोंडला की वर चढतो. सगळं सिमेंट छिन्नीने काढलं, चुना विझवून हौदात ठेवला, सुरखी (विटांची भुकटी) मिसळली आणि विटांमधल्या दर्जा चुन्यातच भरल्या. हे काम येणारे म्हातारे गवंडी महत्प्रयासाने मिळाले, देवळांची डागडुजी करणारे, त्यांच्या हाताखाली आमच्या गावची दोन पोरं शिकली याचा मला फार आनंद आहे.

कैच्यांच्या सांध्यांत आणि भिंतीच्या भोकांत इतक्या वर्षांची रुई बसली होती, तेल पिऊन काळी झालेली. इलेक्ट्रिशियनने ती पूर्ण साफ झाल्याशिवाय वायर ओढायला नकार दिला, एक ठिणगी पडली तर सागवान पेटेल म्हणून. पोतंभर निघाली. वायरिंग सगळी लोखंडी पाइपातून घेतली.

ऊन. एप्रिल-मे मधे पारा ४५ च्या पुढे जातो आणि वर टिन, म्हणजे भट्टीच. टिनाखाली ५० मिलिमीटर ग्लासवुल घातली, तिच्याखाली बांबूच्या ताट्या, टिनावर पांढरा रंग, आणि छताच्या माथ्यावर वाऱ्याने फिरणारे ४ व्हेंटिलेटर. खाली छान झालं, जाड भिंती, दोन कूलर, दुपारी बाहेरून आत आलं की जीव शांत होतो. पण खरं सांगते, माळ्यावर मे महिन्यात झोपता येत नाही, गरम हवा वरच जाते. एप्रिल मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत आम्ही सगळे खाली झोपतो. बाकी ९-१० महिने माळ्यासारखी जागा नाही, हिवाळ्यात सकाळी वरच्या खिडकीतून ऊन सरळ गादीवर येतं. तुम्ही करत असाल तर मुख्य बेडरूम खालीच घ्या, माळा अभ्यासाला, पाहुण्यांना ठेवा.

बाबांसाठी मागे स्वतंत्र खोली काढली होती, संडास-बाथरूम लागून. ते त्या खोलीत एक रात्र झोपले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकाकांना घेऊन हॉलमधे पावलं मोजत फिरले, माळ्याखाली तिसऱ्या खांबाजवळ थांबले आणि म्हणाले, "माही सात नंबरची मशीन इथं होती, खाट इथंच टाक." तेव्हापासून त्यांची खाट तिथेच आहे, पाहुणे आले तरी हलवत नाही.