साडेब्याण्णव टंच

निवृत्तीच्या समारंभात मानपत्र वाचलं जात असताना सत्कारमूर्ती खाली मान घालून का बसतात, हे कोडं आता मला बऱ्यापैकी उलगडलं आहे. विनय हे एक कारण असेलही. पण 'निष्कलंक, निःस्पृह, निगर्वी, निर्मोही' अशी नि-कारांची आगगाडी एकदा सुटली की पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोच्या नजरेला नजर देणं कुणालाही अवघडच. तिला सगळं माहीत असतं.

भुसावळकडची रेल्वेतली जुनी माणसं इंग्रजीत निरोप द्यायची. त्या टंकलिखित कागदांत एक शब्द ठरलेला असायचा : स्टर्लिंग. स्टर्लिंग क्वालिटीज, स्टर्लिंग कॅरेक्टर, स्टर्लिंग सर्व्हिस. हा शब्द रूपाला लागत नाही, श्रीमंतीला लागत नाही, हुशारीलाही फारसा लागत नाही. जो माणूस वर्षानुवर्षं आपल्या जागेवर उभा राहिला, ज्याच्या भरवशावर इतरांनी घड्याळं लावली, त्याला तो लागतो. थोडा जुन्या वळणाचा आहे, कोटाच्या वरच्या खिशात दुमडलेला रुमाल असावा तसा. क्रिकेटच्या बातम्यांत मात्र अजून टिकून आहे. आठव्या क्रमांकावर येऊन तासभर किल्ला लढवणाऱ्याला वर्तमानपत्रं तो खुशाल बहाल करतात. चौकार-षटकारांची बरसात करणाऱ्याला सहसा देत नाहीत, आणि ते मला बरोबर वाटतं.

शब्द आहे मूळचा चांदीचा. नॉर्मन राजवटीतल्या इंग्लंडमध्ये चांदीची जी पेनी पाडली जाई, तिला स्टर्लिंग म्हणत. नाण्यावर छोटासा तारा असे म्हणून, असं बरेच जण मानतात. पूर्वेकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांवरून नाव पडलं, अशी दुसरी कथा. अशा २४० पेन्या म्हणजे एक पौंड. पुढे त्या नाण्यातल्या चांदीचा कसच स्टर्लिंग ठरला : हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. सन १३०० मध्ये एडवर्ड पहिल्यानं कायदाच केला की चांदीची वस्तू या कसाची हवी आणि तपासून तिच्यावर बिबट्याच्या तोंडाचा छाप हवा. लंडनच्या सोनारांच्या सभागृहात, म्हणजे 'हॉल'मध्ये, हे छाप मारले जाऊ लागले, म्हणून तो हॉलमार्क. आता पाटल्यांवर ९१६ शोधताना आपण जो शब्द दिवसभर तोंडात घोळवतो तो हा. सतराव्या शतकापासून इंग्रज माणसांनाही स्टर्लिंग म्हणू लागले.

हे सगळं जळगावात सांगायची खरं तर गरज नाही. इथे माणसाची पारख सराफ्याच्याच भाषेत होते. बावनकशी, शंभर नंबरी, चोख, कसाला उतरलेला. कुणी पोकळ निघाला तर 'मुलामा होता रे' म्हणतात. केळीचे किंवा कापसाचे पैसे हातात आले की चोपडा, यावल, रावेरकडचं घरचं घर सुभाष चौकात उतरतं. मागच्या पिढीतले सराफ अशा गिऱ्हाइकाची मोड, म्हणजे मोडायचा जुना दागिना, आली की गादीखालून काळा गुळगुळीत दगड काढत. दागिन्याची कड त्यावर ओढायची, शेजारी ठरलेल्या टंचाच्या, म्हणजे शुद्धतेच्या, काडीची रेघ ओढायची, आणि दोन्हींवरून तेजाबाचा थेंब फिरवायचा. हलकी रेघ हिरवट होऊन विरते, खरी जागची हलत नाही. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक श्वास रोखून बसलेलं, आणि सराफ उगाचच पावसापाण्याचं विचारत असलेला. आता कस मोजणाऱ्या यंत्रावर, कॅरेटोमीटरवर, आकडा येतो, दशांश चिन्हासकट. वाद मिटले, पण पावसापाण्याच्या गप्पाही मिटल्या.

तर गंमत अशी. आपली सगळी स्तुती शंभराकडे धावते. शंभर नंबरी म्हणजे तसूभरही भेसळ नाही. इंग्रजांनी मात्र माणसाच्या गौरवासाठी जो शब्द उचलला, त्यात साडेसात टक्के तांबं गृहीत धरलेलं आहे. तेही लपवून नव्हे, छाप मारून. कारण साधं आहे, कोणीही कारागीर सांगेल. शुद्ध चांदी मऊ असते. तिचा वाळा बाळाच्या पायात चार दिवसांत वाकडा होईल, ताटली पोचेल. चोख सोन्याचंही तेच. म्हणून तर अंगावर घालायला बावीस कॅरेट. तांबं मिसळलं की धातूला कणा येतो.

मला हे मानपत्रवाल्या नि-कारांपेक्षा जास्त पटतं. पारोळ्याकडच्या एका बाजारात एक मापाडी होते. स्वभाव असा की सकाळी त्यांच्याशी बोलायला हमालसुद्धा एकमेकांना पुढे ढकलत. चहा पाजायची वेळ आली की नेमके उठून जायचे. नातेवाइकांशी बांधावरून भांडण. पण काट्यावर बसले की कापसाचं वजन असेल तेच कागदावर. व्यापारी हळूच जास्तीचा कडता, म्हणजे वजनातली कपात, सुचवायचा, शेतकरी ओळख काढायचा, दोघांना उत्तर एकच : "शे तितलंच लिखसू, आप्पा." म्हणजे आहे तेवढंच लिहीन. त्यांच्या काट्यावर माल गेला की लोक पुन्हा वजन बघत नसत. त्यांना निष्कलंक म्हटलं असतं तर गाव हसलं असतं. स्टर्लिंग म्हणायला कुणाची हरकत नव्हती. त्यांचं साडेसात टक्के तांबं काय नि कुठे आहे, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, आणि उरलेल्या साडेब्याण्णवाबद्दल शंका नव्हती. मला तर वाटतं, त्या खडूसपणामुळेच त्यांच्याकडे कुणाची वशिलेबाजी चालली नाही. गोड बोलणारा मापाडी कधी ना कधी वाकला असता.

आपल्याकडे या अर्थाच्या सगळ्यात जवळ जातो तो 'बंदा रुपया'. तोही चांदीचाच. लक्ष्मीपूजनाला डब्यातून निघणारा राणीछाप रुपया एक तोळ्याचा, १८० ग्रेन वजनाचा. त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. म्हणजे बारा भागांत अकरा, साडेब्याण्णवाला टक्काभरही कमी नाही. तो अंगठ्याच्या नखावर उडवून वाजवून घेत, आणि नाद खणखणीत आला की मग कनवटीला. पुढची हकीकत मजेदार आहे. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली आणि १९२० साली खुद्द ब्रिटननं आपल्या नाण्यांतली चांदी निम्म्यावर आणली. आपल्या रुपयाची चांदी निम्मी झाली ती १९४० मध्ये. मधली वीस वर्षं चलनाला स्टर्लिंग म्हणणाऱ्या देशाचं नाणं पन्नास टंचाचं, आणि ज्यांच्यावर राज्य चालवत होते त्यांच्या हातात जवळजवळ ब्याण्णवचा रुपया. भुसावळच्या साहेबानं निरोपाच्या कागदावर 'स्टर्लिंग' टंकलं तेव्हा शब्दाच्या मागची चांदी आधीच निम्मी झालेली असू शकते. शब्दाचा भाव मात्र पैशानंही उतरला नाही.

शब्द गैरवापरातूनही सुटला नाही, हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीत ब्रिटनमध्ये जन्मून आलेले स्वतःला स्टर्लिंग म्हणवून घेत आणि तिथेच जन्मलेल्यांना करन्सी, म्हणजे स्थानिक कामचलाऊ चलन. कस न लावता जन्मावरून छाप. आपल्याकडे ही कला परदेशातून शिकायची वेळ आलीच नाही, तेव्हा त्यावर अधिक न बोललेलं बरं.

हल्ली हा शब्द मानपत्रांतून उठून ऑनलाइन दुकानांत गेला आहे. माझ्या पुतणीनं मोबाइलवरून नाजूकशी अंगठी मागवली. डबीवर सोनेरी अक्षरात 'स्टर्लिंग सिल्व्हर', आतल्या बाजूला भिंगातून दिसेल असा ९२५. तिनं घरभर मिरवून दाखवली, मीही एडवर्डपासून सुरुवात करणार होतो. तेवढ्यात आमच्या काकूंनी अंगठी हातात घेतली, तळहातावर जोखली आणि विचारलं, साडेसात टक्के काय घातलंय म्हणालीस?

"तांबं, आजी."

"मग बिलात तांब्याचा भाव वेगळा लावलाय का?"

पुतणीनं बिल उघडलं. वेगळा लावलेला नव्हता.